पावणेचारच्या जरा पुढं

बातमी आली तेव्हा मी शिरूरच्या माझ्या दुकानात एका पाणबुडी मोटारीचं जळालेलं वायंडिंग उकलत बसलो होतो. कोरेगाव भीमाहून बाळूचा फोन होता. बाळू तिथल्या एका कारखान्यात कामाला आहे आणि आमच्या घड्याळांच्या ग्रुपवरही आहे. "अंकुशदादा, दौंडचे आप्पा गेले ओ," तो म्हणाला. "माझा साडू त्यांच्याच आळीत राहतो, त्यानं सांगितलं. लई दिवस आजारी होते म्हणं." मग त्यानं अगदी हळू विचारलं... "दादा, मंग ती घड्याळं विकायला आप्पाच काढीत होते का? आपण तर त्यांना चोर म्हणून ग्रुपवरून काढून टाकलं."

'आपण' म्हणाला हा बाळूचा चांगुलपणा. काढून टाकलं होतं ते मी.

हे सगळं लिहायला मला बरेच आठवडे लागले. पण लिहायलाच हवं, कारण आप्पांना कुणी भामटा समजून मी चारचौघांत हाकललं होतं, तेव्हा कबुलीही चारचौघांतच द्यायला हवी. आमचा ग्रुप म्हणजे रोज चावी द्यावी लागणारी जुनी मनगटी घड्याळं जमवणाऱ्यांचा फोनवरचा मेळा. शिक्षक आहेत, ट्रकवाले आहेत, एक-दोन डॉक्टर आहेत. बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, तरी घड्याळं या गावाहून त्या गावाला जातात. मी त्यात शिरलो तो फसून. एका अनोळखी माणसाला पैसे पाठवले आणि डबा उघडला तर आत फरशीचा तुकडा! ग्रुपवर हे सांगितलं तेव्हा सगळे खूप हसले. फोन केला तो एकट्या आप्पांनी. "रडताय काय? न्हावऱ्याच्या चौकात या," ते म्हणाले. "मी घड्याळ आनतो, तुमी डोळं आना."

मी शिरूरहून मोटारसायकलवर गेलो, ते दौंडहून एसटी बदलत आले. डोक्यावर टोपी, अंगात पांढरा शर्ट आणि हात मात्र रेल्वेच्या शेडमध्ये उभी हयात फिटर म्हणून घालवलेल्या माणसाचे, जाड आणि विलक्षण स्थिर. चहाच्या हॉटेलातल्या बाकावर रुमाल अंथरून त्यांनी घड्याळाचं मागचं झाकण उघडलं. एवढाही धक्का न लावता, चपातीचा पदर सुटा करावा तसं. आतलं चाक दाखवून म्हणाले, "ह्ये हालतंय तवर घड्याळ जित्तं." पैसे घेईनात. "आठवडाभर घाला. मागं पडलं तर ह्याच बाकावर परत घेतो. म्हातारा हाय, पळून पळून कुठं जाणार?" आणि निघताना चावी कशी द्यायची ते शिकवलं. अंगठा आणि बोट यांमध्ये चावी धरून हळूहळू फिरवायची, हाताला अडलं की थांबायचं. "आनखी एक पीळ दिऊ म्हनलं की स्प्रिंग तुटलीच म्हनून समज." त्या एका दुपारी मी त्यांच्यासाठी 'तुम्ही'चा 'तू' झालो.

आमच्या ग्रुपवर व्यवहार कसा करायचा हे आप्पांनीच ठरवून दिलं. कुणाला घड्याळ विकायचं असेल तर आधी ॲडमिनला कळवायचं. ॲडमिन म्हणजे मी. मी एक वेळ सांगायची, उदाहरणार्थ सव्वादहा. विकणाऱ्यानं घड्याळाचे काटे त्या वेळेवर लावायचे, एका कागदावर स्वतःच्या हातानं नाव, गाव आणि तारीख लिहायची, त्या कागदावर घड्याळ ठेवून फोटो पाठवायचा. म्हणजे दुसरीकडून चोरलेला जुना फोटो चालत नाही. अक्षर मी त्या माणसाच्या आधीच्या चिठ्ठ्यांशी ताडून बघायचं. जुळलं नाही तर व्यवहार बंद. मी एकदा विचारलं होतं, "आप्पा, अक्षराचं कशाला? फोटो पुरे की." ते म्हणाले, "फोटू कुनीबी चोरंल. हाताचं वळन कसं चोरंल रं?" या पद्धतीनं पुढं ग्रुपवर कुणीही फसलं नाही. मला त्याचा अभिमान होता... फार अभिमान होता.

आप्पांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली. तिच्या शिलाई मशीनच्या खणांत त्यांची घड्याळं असत. सकाळी उठलं की चहाच्या आधी सगळ्यांना चावी. एकदा मी मुक्कामी राहिलो होतो तेव्हा पाहिलं, ते एकेक घड्याळ उचलून चावी देत, कानाला लावत आणि खाली ठेवत. त्यांच्यात एक साय रंगाच्या डायलचं होतं. आप्पांना बढती मिळाली तेव्हा बायकोनं ब्लाउज शिवून साठवलेल्या पैशातून आणलेलं. मी गमतीनं म्हटलं, "हे मला द्या की." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच वरमलो. "दुसरं कंचंबी माग. ह्ये माझ्यासंगंच जायचं."

म्हणूनच, आप्पांच्या नंबरवरून एकामागून एक घड्याळं विकायला येऊ लागली, तीही पडत्या भावात, तेव्हा मी सावध झालो. पहिल्या दोन-तीन चिठ्ठ्यांचं अक्षर जरा बारीक वाटलं, पण मी सोडून दिलं. मग ते साय रंगाचं घड्याळ आलं. लोकांचे नंबर चोरून त्यांच्या नावानं पैसे उकळण्याचे प्रकार तेव्हा सगळीकडं चालले होते. मी वेळ सांगितली, पावणेचार. फोटो यायला पूर्ण दिवस लागला. आला तो पाहून मला काही शंकाच उरली नाही. चिठ्ठीवरचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं, ओळ कागदाच्या कडेला घसरत गेलेली. मोठा काटा नवाच्या पुढं सरकलेला. आप्पा आणि काटा चुकीच्या जागी? शक्यच नाही. मी फोन लावला. एका बाईनं उचलला. "आप्पा झोपल्यात. घड्याळाचंच ना? माझ्याशी बोला की. पैसे माझ्याच नंबरवर टाकायचेत."

मी फोन ठेवला, आप्पांचा नंबर ग्रुपवरून काढला आणि माझ्या फोनवरही ब्लॉक केला. सगळ्यांसाठी सूचना लिहिली, 'आप्पांच्या नावानं कुणीतरी भामटा घड्याळं विकत आहे, व्यवहार करू नये.' पटापट अंगठे आले. 'अंकुशदादा, तुम्ही आहात म्हणून आम्ही निवांत.' हे मी दोनदा वाचलं. थोड्या वेळानं एका नव्या नंबरवरून त्याच बाईचा बोललेला निरोप आला, "दादा, अहो खरंच आप्पाच हायत ओ, तुमी एकदा..." एवढंच मी ऐकलं आणि तोही नंबर ब्लॉक करून टाकला.

आता तुम्ही विचाराल, शिरूरहून दौंड असं किती लांब? एका सकाळी जाऊन दुपारी परत येण्यासारखं. खऱ्या आप्पांचा नंबर चोरीला गेला असेल तर ते कुठं आहेत, कसे आहेत, हे बघायला मी का गेलो नाही? जाऊ, जाऊ म्हणत होतो. मोटारी दुरुस्तीला येण्याचे दिवस होते, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. हे खरं आहे. पण आणखीही एक खरं आहे. भामट्याला पकडल्याचं समाधान मला पुरलं होतं, त्यापुढं आप्पांची आठवण मागं पडली.

बाळूचा फोन आला त्याच दिवशी मी दौंडला गेलो. दार आप्पांच्या मुलीनं, मंदानं उघडलं. "कोन पायजे?" ती म्हणाली आणि फोनवरचा तो आवाज मी ओळखला. तिनंही मला ओळखलं. मग म्हणाली, "तुमी अंकुश ना? बसा. च्या टाकते. आप्पांनी सांगून ठिवलंय, अंकुश आला की पयला च्या टाक."

चहा देऊन मंदा सांगत सुटली. तिला कुणाला तरी सांगायचंच होतं. आप्पांना कंपवात झाला होता. आधी एक हात, मग दुसरा. चावी फिरवता येईनाशी झाली. मंदा सासरहून येऊन राहिली होती, ती म्हणाली, मी देते चावी, तर आप्पा म्हणाले, घड्याळं नुसती चालून काय उपयोग. "मनगट पायजे त्याला. खनात पडून मरायच्या आधी दिऊन टाकू. ग्रुपवाली मानसं जपून वापरत्याल." स्वतःला चावी देता येत नाही ते घड्याळ आपल्याजवळ ठेवायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून साय रंगाचंही निघालं.

"अन् ती चिठ्ठी," मंदा म्हणाली. "मी म्हनलं, आप्पा, मी लिवते, कुनाला कळतंय? तर माझ्यावरच डाफरले. नियम मी केलाय, आन् मीच मोडू व्हय? सकाळधरनं बसले होते. किती कागद फाडले. काटं लावताना तर घाम फुटला. तुमी पावनेचार सांगितलेलं. काटा फुडं सरकला, मागं घ्यायला गेलं की लांबच जायचा. शेवटी म्हनले, राहू दे, अंकुश समजून घील."

मी विचारलं, ग्रुपवरून काढल्यावर काय म्हणाले?

"मी लई शिव्या घातल्या तुमाला. खोटं कशाला बोलू?" ती म्हणाली. "आप्पा उलटं मलाच म्हनले, त्यानं बराबर केलं. अक्षर माझं न्हाईच राह्यलं आता. पर येईल बघ तो. मानूस कुठं गेला ह्ये बघाया तरी येईलच."

त्यानंतर रोज संध्याकाळी ते तिला विचारत, ग्रुपवर काय चाललंय गं? आणि ती ग्रुपातलं कुणीतरी कळवतं असं सांगत, त्यांचा फोन हातात धरून मनानं बातम्या रचत असे. नगरच्या शिक्षकानं नवं घड्याळ घेतलं... बाळूनं पट्टा बदलला... सगळे तुमची आठवण काढतात. शेवटचं वाक्य ऐकलं की ते निवांत झोपत. ते वाक्य खोटं होतं. आम्ही त्यांची आठवण एकदाही काढली नव्हती.

घरी येऊन मी ग्रुपवर सगळं लिहिलं. जुनी सूचना काढून टाकली, पण वाचलेलं काढता येत नाही. जिथं अंगठे आले होते तिथं आता जोडलेले हात आले. ॲडमिनपद मी सोडलं. मागं राहिलेल्या बहुतेक घड्याळांची विक्री मंदानं आणि मी मिळून पार पाडली. चिठ्ठ्या मंदानं लिहिल्या, तिच्या नावानं. ज्याला ज्याला घड्याळ दिलं त्याला चावी कशी द्यायची ते मी फोनवर सांगितलं.

साय रंगाचं घड्याळ मंदा मला देत होती. मी नको म्हणालो. माझी लायकी नव्हती, हे एक. दुसरं म्हणजे ते आप्पांनी शेवटचं लावलं होतं तिथंच उभं होतं, पावणेचारच्या जरा पुढं. त्यांच्या बोटांची ती शेवटची खूण. चावी दिली की ती मोडणार. "मग काय देव्हाऱ्यात ठिवू?" मंदा चिडून म्हणाली. "चालावं म्हनून विकीत होते ते. तुमाला कळत कसं न्हाई?"

ते माझ्या मनगटावर आहे. रोज सकाळी चहाच्या आधी मी चावी देतो, हळूहळू, हाताला अडेपर्यंत. काटे मात्र जुळवलेले नाहीत. आप्पांनी जिथं सोडले होते तिथूनच मी ते चालू केले, म्हणून माझ्या घड्याळाची वेळ कुणाशीच जुळत नाही. दुकानात गिऱ्हाईक मनगटाकडं बघून म्हणतं, "शेठ, घड्याळ चुकलंय तुमचं." मी व्हय म्हणतो. आप्पांची वेळ मी पुसलेली नाही, ती तिथून पुढं चालली आहे... आणि एक दिवस जरी मी चावी द्यायला विसरलो, तरी ती थांबेल.