काट्यावरचे सदाशिवराव

हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर ट्रॅक्टर चढला, की शेतकऱ्याने खिडकीशी येऊन नाव, गाव आणि गाडीचा नंबर ओरडून सांगायचा. हा रिवाज सदाशिवरावांनी पाडलेला. नवखा कोणी हळू बोलला, तर ते आतून दटावत, "घरी बायकोसंग हळू बोलजो. इथं मोठ्यानं!" लोक हसत आणि ओरडत. तेवढ्यात त्यांची बोटं कीबोर्डवर फिरून पावती बाहेर पडलेली असे.

या रिवाजामागचं कारण फक्त त्यांच्या बायकोला, धुरपताबाईंना ठाऊक होतं. काचबिंदूने सदाशिवरावांची नजर दोन्ही बाजूंनी खात आणली होती. नळीतून पाहावं तेवढंच समोरचं दिसे. गेलेली नजर परत येणार नाही, असं सावंगीच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. पण भरलेल्या ट्रॉलीचं बटण, रिकामीचं बटण, पावतीचं बटण, सगळी बोटांना पाठ होती. त्या बोटांवर नोकरी टिकून होती.

ऐन हंगामात काट्याचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने ते बदललं. बटणं गेली. पडद्यावर रंगीत चित्रं आली, ती माउसने शोधून दाबायची. चित्र शोधता शोधता बाणच हरवायचा. बाहेर रांग वाढत गेली. एके दुपारी वडनेरच्या शेतकऱ्याची भरलेली ट्रॉली त्यांनी रिकामी म्हणून नोंदली. त्याने खिडकीवर हात आपटला.

"माहा कापूस काय हवेत उडाला का, बुढ्या?"

सदाशिवरावांनी कंपनीच्या निशांतला फोन लावला. "साहेब, चित्रं राहू द्या. फक्त माही जुनी बटणं वापस द्या."

"काका, ती वापरणारे फारच कमी होते. आता बघा, कोणालाही अर्ध्या तासात जमतं."

"कमी म्हणजे होते ना? मी होतो ना!"

"तुमचं म्हणणं पुढे कळवतो," म्हणून निशांतने फोन ठेवला.

"ही पावती पाहा," बाजूने आवाज आला. मालक कुंदनशेठ केव्हापासून शेजारी उभे होते, सदाशिवरावांना पत्ता नव्हता. सदाशिवरावांनी ती घ्यायला हात पुढे केला, तो पावती सोडून हवेत गेला.

शेठ पाहतच राहिले. "काऊन नाई सांगितलं मले?"

"सांगितलं असतं तं ठेवलं असतं का तुम्ही?"

शेठने पावती खिशात घातली. मग म्हणाले, "आता गेटवर बसत जा. चौकीदार पाहील काटा. सोपं तं झालंच आहे."

येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायचं काम सदाशिवरावांना मिळालं. शेठने ते थट्टेने नाही, दयेने दिलं होतं. तेच जास्त लागलं. डबा देताना धुरपताबाई म्हणतात, "नोकरी तं राह्यली." ते नुसता डबा घेतात.

परवा एक म्हातारा शेतकरी जुन्या सवयीने खिडकीशी जाऊन नाव-गाव सांगू लागला. चौकीदाराचा आवाज गेटपर्यंत आला.

"ओरडून काऊन राह्यले भाऊ? मले दिसते."