निळे खांब बघायला म्हैसूरला

सेट मोडला की प्लायवूड दुसऱ्या सेटला जातं, खिळेसुद्धा सरळ करून वापरतात. आमच्याकडे राहतात ते फक्त किस्से. गोरेगावच्या स्टुडिओत आमच्या गँगने एवढे राजवाडे उभे केले की किस्से ठेवायला जागा नाही.

बबनकाका सुतार, मुश्ताकभाई पीओपीवाला, माझा दादा पेंटर आणि मी त्याच्या हाताखाली. एका मालिकेसाठी म्हैसूरचा दरबार करायचा होता. दादाने मोबाइलवर फोटो बघून खांब निळे केले. आर्ट डायरेक्टर साहेब भडकले. "मोबाइलमध्ये रंग बदलतो. असा निळा कुठल्या राजाने लावला रे?"

दादा म्हणाला, "राजाला विचारूनच लावलाय साहेब."

खांब तपकिरी झाले. दादा मात्र म्हणत राहिला, एकदा जाऊन बघायचंच.

* * *

तोच सेट बघायला आई बोरिवलीहून आली होती. दरबारात देवीची पोकळ, पीओपीची मूर्ती होती. आई हात जोडून पुढे झाली तसा दादा शिडीवरून ओरडला, "आई, पाया पड, पण टेकू नकोस."

* * *

गणपतीआधी दादाला कावीळ झाली. आठ दिवसांत गेला. अजून त्याचे ब्रश मी धुतलेले नाहीत.

दोन महिन्यांनी आम्ही तिघे म्हैसूरला गेलो. मला एकच बघायचं होतं, दादा बरोबर होता की नाही.

* * *

राजवाड्यासमोर सगळे सेल्फी काढत होते. बबनकाका निघाले मागच्या बाजूला. आमच्या राजवाड्यांना मागे बांबूचे टेकू असतात ना! अर्ध्या तासाने घामाघूम होऊन आले.

"बारक्या, मागसून पण राजवाडोच आसा रे."

* * *

आत मुश्ताकभाईने पहिल्याच खांबावर बोटाने टकटक केलं. गार्डने शिटी मारली.

"साब, बज नहीं रहा है," मुश्ताकभाई काळजीने म्हणाला. "अंदरसे पूरा भरा है."

पुढे गार्ड आमच्याबरोबरच चालत राहिला.

* * *

दरबारात पोचलो. खांब निळे होते. दादाचाच निळा, वर सोनेरी वेल. मी तिथूनच साहेबांना फोन लावला.

"साहेब, म्हैसूरला आहे. खांब निळेच आहेत."

"कोण बोलतंय?"

"पेंटरचा भाऊ."

साहेब म्हणाले, "बरं. निळेच राहू देत."

* * *

फोन ठेवला तर मुश्ताकभाई खांबाकडे बोट दाखवून मला आपल्या सेटवरचं सांगत होता, "ही वेल दादाने फळीवर उताणं झोपून काढली होती. सात दिवस. मान धरली होती त्याची."

शेजारी मुलुंडचे एक आजी-आजोबा उभे होते. मराठी ऐकून जवळ आले.

"म्हणजे इथलं रंगकाम तुमच्या भावाने केलंय?" आजोबांनी विचारलं.

बबनकाकांनी खुलासा करायला तोंड उघडलं. मी आधीच बोलून गेलो, "हो."

"अगं, ऐकलंस का? केवढं काम!" मग माझ्याकडे वळून, "कुठे आहेत ते? भेटवा की."

"जेवायला गेलाय," मी म्हणालो.

"मग थांबतो आम्ही," आजी म्हणाल्या. "तसेही पाय दुखतायत."

आजी बाहेरच्या पायरीवर बसल्या, आजोबा बसले. बबनकाका माझ्याकडे बघत राहिले, मग तेही बसले. मुश्ताकभाई बसला. शेवटी मीही बसलो, आणि आम्ही पाचही जण दाराकडे बघत राहिलो.