कानाला कसली घाई?

भोंगा मॅडम कुजबुजल्या तरी अख्ख्या मजल्याला ऐकू जायचं. लालबागच्या ज्या गिरणीच्या जागेवर आमचं ऑफिस उभं आहे, तिचा भोंगा केव्हाच बंद पडला. आमचा मात्र चालू होता. हे नाव त्यांना ठाऊक होतं. सकाळी दारातूनच "चला, पाळी सुरू झाली!" असं ओरडून त्या आम्हाला कामाला लावत.

आम्ही श्रवणयंत्राची चिप बनवत होतो. आवाज वाढवणारा तिचा भाग माझ्याकडे होता आणि तो अधाशासारखी बॅटरी खात होता. मी कम्प्युटरवर ट्रान्झिस्टर थोडा रुंद कर, थोडा अरुंद कर, असं अंदाजपंचे चालवलं होतं. मॅडमना ते बघवेना.

सॉफ्टवेअर आपणहून सगळे आलेख व्होल्टेजसमोर काढून देतं. त्यावर मॅडमचा भारी राग. "व्होल्टेजला काय विचारतेस? एक गुण दुसऱ्या गुणासमोर बसव, पोहे खायला बसवतात तसा. एकेकटा काय, प्रत्येक जण गुणीच असतो गो!" मग आडव्या अक्षावर काटकसर, म्हणजे तेवढ्याच करंटमध्ये ट्रान्झिस्टर किती काम देतो ते, आणि उभ्या अक्षावर वेग. काटकसर वाढत जाते तशी रेघ खाली उतरते. किती वेग सोडला की किती बॅटरी वाचेल, ते एका नजरेत दिसतं. मी त्या आलेखांच्या प्रेमातच पडले.

तरी घोटाळा केलाच. आलेख काढला तो फक्त सगळ्यात आखूड ट्रान्झिस्टरचा. आखूड तो वेगवान आणि वेगवान तोच भारी, हे आम्ही कॉलेजातूनच पाठ करून आलेलो.

"हे कोणासाठी?" मॅडमनी विचारलं.

"कानासाठी, मॅडम."

"मग कानाला कसली घाई?"

सगळा मजला हसला. मॅडम हसल्या नाहीत. चहाच्या वेळी म्हणाल्या, "माझगावला माझी ममा कानाचं मशीन फक्त रविवारी चर्चमध्ये मिस्साला घालते. बाकी दिवस डबीत. का, तर बॅटरी संपेल. आठवडाभर मी ओरडते. तीच सवय लागली."

परतून मी लांब ट्रान्झिस्टरच्या रेघा काढल्या. त्यांचा वेग कमी होता, पण कानाला लागतो त्याहून कितीतरी जास्त; शिवाय आखूडपेक्षा एकेक जण आवाज जास्त वाढवत होता, म्हणजे कमी ट्रान्झिस्टर पुरणार होते. मग मी खुशाल काटकसरीच्या टोकाला गेले. करंट इतका उतरला की माझा विश्वास बसेना. पुन्हा चालवून बघितलं, आकडा तोच. मॅडम म्हणाल्या, "हां, आता जमलं लग्न!"

काही महिन्यांनी कारखान्यातून चिप आली. चाचण्या आटोपल्यावर पहिल्या यंत्रांपैकी एक मॅडमनी घरी नेलं. सोमवारी त्या काहीतरी बोलल्या आणि मला "काय म्हणालात?" असं विचारावं लागलं.

"ममाने काल दिवसभर घातलं," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी मला म्हणते, ओरडतेस कशाला, मी काय बहिरी आहे?"

तेव्हापासून त्यांचा आवाज उतरतच गेला. पुढे काही वर्षांनी ममा वारल्या. शेवटपर्यंत लेकीशी गप्पा मारत गेल्या. यंदा मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाला बोलायला उभ्या राहिल्या, तर मागून कोणीतरी ओरडलं, "मॅडम, मोठ्याने! ऐकू येत नाही!"

मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझे डोळे आधीच वाहत होते.

"हिला सांगा," त्या म्हणाल्या. "माझा आवाज हिनेच कमी केलाय."