सांभाळून घ्या

काल प्रयोगशाळेतला गॉगल कपाळावर तसाच ठेवून मी घरी आलो. वाटेत भाजीसुद्धा घेतली. आमच्या कंपनीत गॉगलची जागा कपाळच. डोळ्यांवर तो फक्त तपासणीच्या दिवशी उतरतो.

आरशात बघून हसू आलं, पण टिकलं नाही. दुपारीच प्रयोगशाळेतल्या आमच्या सहकारी सुषमाच्या डोळ्यात ॲसिड उडालं होतं. तिचाही गॉगल कपाळावरच. तिला धरून डोळे धुवायच्या नळाकडे नेलं, तर नळापुढे रिकाम्या खोक्यांची भिंत. आम्ही खोकी भिरकावत होतो आणि ती ओरडत होती. डोळा वाचल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा साहेब हळूच म्हणाले, "वर कळवू नका. जरा सांभाळून घ्या."

काय मऊ शब्द आहे. आई 'सांभाळून जा' म्हणते, त्यात काळजी असते. 'जा'च्या जागी 'घ्या' आलं की तीच काळजी माणसावरून उठते आणि साहेबांच्या खुर्चीवर जाऊन बसते. उद्या नळापुढे पुन्हा खोकी लागतील. पुढचा डोळा वाचेलच असं नाही.

हे सगळं मी बायकोला तावातावाने ऐकवलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेबांपुढेही आवाज एवढाच चढला होता का?"