बाजरीची व्हायवा आणि पाण्याची टाकी

कृषी विद्यापीठाच्या संगणक कक्षात लागून मला जेमतेम आठ महिने झाले होते. फिरतीवर आम्ही दोघंच. एक मी आणि दुसरे बेलापूरचे काका. आवारातली प्रत्येक केबल त्यांच्या डोळ्यांदेखत पुरलेली. प्राध्यापक असोत, क्लार्क असोत की वसतिगृहातल्या मुली, कुणाचं काही अडलं की फोन आमच्याकडेच यायचा.

जानेवारीतल्या त्या सकाळी साडेनऊला फोन आला तो आवाराच्या पार टोकाच्या विभागातून. बोलणारी मुलगी बाजरीवर पीएच.डी. करत होती. अकराला तिची व्हायवा, परीक्षक दुसऱ्या राज्यातून ऑनलाइन बसणार, आणि विभागातलं इंटरनेट गेलेलं.

"मॅडम, परीक्षक सरांचं दुपारी विमान आहे. आज नाही झालं तर पुढे दोन महिने ते परदेशात." मग आवाज खाली आला. "आणि माझे आई-वडील आलेत. ऊसतोडीवरनं, एका दिवसाची सुट्टी काढून."

आम्ही मोटारसायकलवर निघालो. कांद्याच्या प्लॉटजवळ पोहोचताच काकांनी करकचून ब्रेक दाबला. पाइपलाइनसाठी जेसीबीने चर खणला होता आणि त्यातून आमची केबल वर आली होती, सरळ दोन तुकडे होऊन.

"गेली," काका म्हणाले. "जोडायचं मशीन नगरवरनं यायला हवं. दोन तास तरी गेले."

मोबाईलवर चालेल का, म्हणून विभागात जाऊन पाहिलं. त्या इमारतीत बोलणं कसंबसं व्हायचं, पण व्हिडिओ लावला की चित्र गोठायचं. मुलगी दारात उभी होती. तिच्यामागे पांढऱ्या टोपीतले वडील आणि हिरव्या नऊवारीतली आई. दोघं खुर्च्या रिकाम्या असूनही भिंतीला टेकून उभे. माझी नजर खिडकीबाहेर गेली, तर समोर पाण्याची उंच टाकी.

"काका, शेतकरी मेळाव्याला बिनतारी इंटरनेटसाठी आणलेल्या त्या दोन डिश कुठायत?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग टाकीकडे, आणि हसलेच. "स्टोअरात हायत! एक आपल्या ऑफिसच्या गच्चीवर, एक हितं टाकीवर. मधी झाडं येत न्हाईत." मग गुडघा चोळत म्हणाले, "पन ताई, टाकीवर चढणं आता माझ्यानं व्हायचं न्हाई."

"मी चढते की. अकोले तालुक्यातल्या डोंगरातली हाय मी!" उत्साहाच्या भरात माझी घरची बोली बाहेर पडली.

काका डिश घेऊन आले, एक माझ्याकडे देऊन मोटारसायकलवर ऑफिसच्या गच्चीकडे पळाले. मी दुसरी पाठीला बांधली, केबलचं टोक कमरेला खोवलं आणि शिडीला लागले. लहानपणी डोंगरात गुरांमागे हिंडलेली मी, पण लोखंडी शिडी गार आणि वारा झोंबरा. अर्ध्यावर खाली पाहिलं आणि शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. नंतर नाहीच पाहिलं. वर पोहोचले तेव्हा कपाळावर घाम होता आणि घड्याळात साडेदहा.

डिश कठड्याला आवळली. खाली पंपाच्या खोलीतून वीज घेतली होती आणि केबलचं दुसरं टोक विभागाच्या खिडकीतून आत सोडलं होतं. फोन खांद्यात धरून काकांशी बोलणं सुरू झालं.

"डावीकडं घ्या ताई. जरा अजून. लई झालं, मागं या!"

"आता?"

"न्हाई. वर करा थोडी."

डिशवर सिग्नल दाखवणारे चार दिवे होते. एक लागायचा आणि विझायचा. मी नखभर वळवायची आणि श्वास रोखून बघायची. दुसरा लागला. मग एकदम तिसरा, चौथा! मी तिथेच ओरडले, "लागले! काका, चारही लागले!" फोनमधून काकांचं "व्हय व्हय!" ऐकू आलं आणि खाली विभागाच्या खिडकीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अकराला पाच कमी होते.

खाली उतरून, पुन्हा तुटलं तर जवळ असावं म्हणून, मी हॉलच्या दारात उभी राहिले. पडद्यावर परीक्षक स्पष्ट दिसत होते. ती इंग्रजीत बोलत होती, सुरुवातीला अडखळत, मग सुसाट. कमी पावसात तग धरणारं वाण, मुळांची खोली, दाण्याचं वजन. तासभर प्रश्न झाले. शेवटी परीक्षकांनी विचारलं, मागे कोण बसलंय? आई-वडील आहेत म्हटल्यावर म्हणाले, मग तुझं काम त्यांना त्यांच्या भाषेत सांग.

ती वळली आणि मराठीत सांगू लागली. आई पुढे सरकून ऐकत होती. पडद्यावर कणसाचा फोटो आला तशी तिच्याच्यानं राहवेना.

"पोरी, कनीस चांगलं हाय. पन ह्याला कुसळ न्हाई. पाखरं एक दाना ठिवायची न्हाईत."

मुलीने चाचरत त्याचं इंग्रजी केलं. परीक्षक चष्मा काढून हसायला लागले. म्हणाले, हाच प्रश्न मी शेवटी विचारणार होतो, तो यांनी आधीच विचारला. आता उत्तर दे.

आणि तिने दिलं! पाखरांना टोचणाऱ्या कुसळाच्या गावरान वाणाशी संकर करायचं पुढचं सगळं काम तिच्या डोक्यात तयार होतं. ती आईकडे बघूनच बोलत राहिली, एक वाक्य मराठीत, एक इंग्रजीत. मघाशी मी फक्त चार दिवे लावत होते, त्या दिव्यांतून काय जाणार आहे हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

निकाल जाहीर झाला, तिला 'डॉक्टर' म्हणून हाक मारली गेली. वडिलांनी टोपी काढून डोळे पुसले. पेढे वाटले गेले, तोवर काकाही धापा टाकत आले. आई माझ्याजवळ आली, माझे गंजाने तांबडे झालेले तळवे हातात घेऊन बघितले.

"तूच व्हय गं वर चढल्याली?"

"हो मावशी."

"भ्या न्हाई वाटलं?"

"लई वाटलं," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी खळखळून हसलो.