तांबडी चिंधी न लावलेला सांधा

देवबागच्या किनाऱ्यावर आमची रापण होती. किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, आणि ते एकट्या कुणाचं नव्हे. बावीस घरांचे बावीस तुकडे, एकाला एक सांधलेले. सांधे सांभाळायचं काम दाजींचं. माणूस काठीसारखा वाळका, पण तोंड असं फटकळ की विचारू नका! कुणी न सांगता जाळ्याला हात लावला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार.

त्यांचा नियम एकच. नवा तुकडा आधी आठ दिवस कडेला बांधायचा, सांध्याला तांबडी चिंधी लावायची. चिंधी दिसली की ओढणारे जपून ओढत. टिकला, तरच तो मध्ये घ्यायचा. दाजींना न विचारता जो बदल करील, त्याचा तुकडा रापणीतून कायमचा बाहेर.

बासष्ट साली माझ्या मेहुण्याने मुंबईहून नायलॉनचं जाळं आणलं. माझं नवंच लग्न झालेलं, डोक्यात हवा. दाजी बोटांनी चाचपून म्हणाले, "दत्ताराम, ह्या निसरडा आसा. ह्येच्यात आमची सुताची गाठ टिकाची नाय. आठ दिस थांब रे."

थांबतोय कसला मी! बांगडा आला होता. दाजी भगवतीचा नवस फेडायला धामापूरला गेले, आणि मी मेल्याने तो तुकडा मधोमध सांधला, जुन्याच गाठीने. चिंधी लावली असती तर लोकांनी विचारलं असतं, म्हणून लावली नाही.

दाजी परतले तेव्हा रापण पाण्यात होती. चाळीस माणसं ओढत होती, पाणी बांगड्याने नुसतं उसळत होतं. आणि सांधा सुटला. डोळ्यांदेखत सगळा बांगडा गेला. बायका रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्याच राहिल्या.

"गाठ कोणी मारल्यान?" एकच गिल्ला झाला. दाजींनी सुटलेलं टोक हातात घेतलं. प्रत्येक घराचा हात ते ओळखत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मागे उभ्या माझ्या आईकडे. रापणीतल्या आमच्या तुकड्याशिवाय घराला दुसरा आधार नव्हता.

"मियाच सांगलंय दत्तारामाक, मधी घे म्हणान," दाजी म्हणाले. "धामापुराक जावच्या आधी गाठ पण मियाच मारलंय. चुकलंय."

मला तोंड उघडता आलं असतं. नाही उघडलं.

त्याच दिवशी लोकांनी सांध्यांची सुई, म्हणजे ते कामच, त्यांच्याकडून काढून घेतलं, आणि दोन वर्षांनी ते माझ्याकडे आलं. दाजी परत रापणीवर आले नाहीत. घरापुढच्या खळ्यात बसून लोकांची फाटकी जाळी विणत. मला एक शब्द बोलले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं हो.

अडुसष्ट साली दाजी गेले. बाराव्याच्या जेवणाला शेजारच्या पानावर बसलेले रापणीतले भाई म्हणाले, "माणूस सोन्यासारखो, पण त्या एका गाठीन मातयेक मिळालो."

दाजींची बायको तुळसाकाकी दाराशी बसली होती. तिने मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं. दाजींनी तिला सांगितलं होतं तर! मी बोलेन म्हणून ती बघत राहिली.

मी वाढणाऱ्याला हाक मारली. "भात वाढ रे," म्हणालो.