लेक आणायला कोण जाणार

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. देवळीत शिकले, पण पुढे काय करायचं हे सांगणारं घरी कोणी नव्हतं. काम बाईंनी दिलं. कुटुंबात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी आमचं समुपदेशन केंद्र आहे, बाई त्याच्या प्रमुख. चार माणसांत उभं राहून बोलायला मला त्यांनीच शिकवलं, म्हणून हे लिहिताना हात जड होतो.

केंद्रात आलेल्या काही बायका कोर्टात जातात, काही समझोता करून परत नांदायला जातात. परत गेलेलीचं पुढे काय झालं, हे कळणं फार अवघड. घरी जाऊन विचारलं तर सासूसमोर ती "बरं हाय" एवढंच म्हणणार. यावर बाईंनी एक रीत काढली होती. जिला आई नाही, भाऊ विचारत नाही, तिला बाई दिवाळीत स्वतः माहेरी आणायला जायच्या. माहेर म्हणजे आमचं केंद्र. पिशवीत सासूसाठी ब्लाउजपीस, लेकरांसाठी चकल्या. कायद्याचा शब्द काढायचा नाही. चहा प्यायचा, यंदा कपाशी कशी आहे विचारायचं आणि उठता उठता म्हणायचं, "लेकीले चार दिवस नेतो, भाऊबीज झाली का आणून सोडतो." पोलिसांशी भांडणारी माणसंही माहेरच्या बोलावण्याला नाही म्हणत नसत. मग केंद्रात केसांना तेल लावताना, भाजी निवडताना, ती बाई हळूहळू बोलायला लागायची. पुन्हा मार सुरू झाला असेल तर ते तेव्हा कळायचं.

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या खाटेवरून त्या मला म्हणाल्या, "देवळीच्या पलीकडची ती पोरगी आहे नं, तिले आणाच लागते. तू जाय."

ती उन्हाळ्यात समझोता करून परत गेली होती. आई लहानपणीच वारलेली, भावानं दार बंद केलेलं. मी गेले तेव्हा ती ठेवणीतलं लुगडं नेसून तयार होती. तिची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. माझ्या मागे बाई दिसतात का, म्हणून ती रस्त्याकडे पाहत राहिली.

सासूनं विचारलं, "बाई काऊन नाई आल्या?"

मी ऑपरेशनचं सांगितलं. ब्लाउजपीस पुढे केला, तो तिनं घेतला नाही.

"मंग बऱ्या झाल्यावर येऊ दे त्याहिले. तू कोन लागतं हिची?"

"मी त्यांच्याच केंद्रात आहे, काकू. त्यांनीच पाठवलं."

"सून का पार्सल आहे, कोनीबी आलं अन् उचलून नेलं?"

ओट्यावर बसलेला सासरा हसला. "पोरीचं स्वतःचं लगन नाई झालं, अन् लेक न्याले आली!"

मी घाईघाईनं बाईंना फोन लावला आणि सासूपुढे धरला. तिनं हात मागे घेतला. "फोनवर लेकीले मांगत नसते कोनी."

तिचं म्हणणं रीतीला धरूनच होतं. ती रीत आम्हीच त्या घरात नेली होती. कायद्यानं बोलायला लागले असते, तर पुढच्या वेळी बाईंनाही दार उघडलं नसतं. मी उठले. सुनेनं पिशवी उचलली आणि आत गेली. 

बाईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं गेलो, पण तुमच्यातल्या एकीलेबी संगं नेलं नाई. मले वाटे, मी आहो नं." त्यांना आई होणं आवडत होतं, आणि आम्हाला त्यांच्या सावलीत राहणं सोयीचं होतं. आम्हालाही सोबत न्या, असं म्हणायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

संक्रांतीच्या सुमारास काठी टेकत बाई मला घेऊन तिथे गेल्या. "ही हिची मावशी," असं सासूला सांगितलं. सासूनं मला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, तीळगूळ दिला. न्यायलाही हो म्हणाली. नाही म्हणाली ती सून.

"आता नको, बाई. घरी काम आहे," ती म्हणाली. चहाचा कप देताना पदर तिनं मनगटापर्यंत ओढून घेतला होता.

बाईंनी रिवाजाप्रमाणे तिथे काहीच विचारलं नाही. ती आम्हाला पोचवायला फाटकापर्यंत आली. सासू दारातच उभी होती. मी हळूच म्हटलं, "पुढच्या दिवाळीला मी आले तर येशील?"

"येऊन पाहा," ती म्हणाली. "त्या दिवशी मले लय बोलाचं होतं. आता काय बोलाचं होतं तेबी ध्यानात नाई राह्यलं."

आता आमच्याकडे कुठल्याही घरी दोघी जातात, एक जुनी आणि एक नवी. नव्या मुलीला सगळीकडे मावशी म्हणून ओळख करून देतो. सासवा थट्टा करतात, "किती मावश्या हायेत व तुमच्या घरात!" देवळीच्या पलीकडच्या त्या पोरीकडे आम्ही दर दिवाळीला जातो. आमचं स्वागत होतं, चहा होतो. ती अजून आलेली नाही.